क्यूब नापास झाला, आता रजिस्टरला काय लिहायचं?

पत्र

मी एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल विभागात शिकवते. चार वर्षं झाली, अजून कायम नाही. या सत्रात 'प्रोफेशनल एथिक्स' माझ्या वाट्याला आलं, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. वर्गात सिव्हिल आणि मेकॅनिकलची मुलं एकत्र आहेत. पुस्तकात सचोटी, निष्ठा, मूल्यं यांच्या व्याख्या आहेत. मुलं त्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि पास होतात.

मागच्या आठवड्यात एका मुलानं विचारलं, "मॅडम, माझा भाऊ साइटवर आहे. त्याला क्यूबचं, म्हणजे काँक्रीटच्या तपासणी ठोकळ्याचं, रीडिंग वाढवून लिहायला सांगतात. त्यानं नाही लिहिलं तर दुसरा लिहील आणि याची नोकरी जाईल. त्यानं काय करायचं?" मी म्हटलं, "प्रामाणिक राहायचं." वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो. मान्यतेच्या फाइलसाठी याच विषयाचं अटेनमेंट (मुलांनी ठरलेली उद्दिष्टं किती गाठली याचं मोजमाप) मला भरून द्यायचंय, आणि आकडा किती यायला हवा हे विभागात आधीच सांगून झालंय. मी कुठल्या तोंडानं हा विषय शिकवू?

— एक सहायक प्राध्यापिका, सोलापूर जिल्हा

उत्तर

मॅडम,

त्या मुलानं तुम्हाला या सत्राचा अभ्यासक्रम हातात दिला आहे. पुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवा आणि पुढचे दोन तास फक्त त्याच्या प्रश्नावर घाला. वर्ग हसला याचं वाईट वाटून घेऊ नका. "प्रामाणिक राहायचं" हे त्यांनी पहिलीपासून ऐकलंय. त्यांना हवं होतं ते हे, की प्रामाणिक राहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर नेमकं काय करायचं. ते तुम्हाला सांगता येईल, कारण तुम्ही सिव्हिलच्या आहात.

फळ्यावर आधी क्यूब काढा. १५० मिलिमीटरचा ठोकळा, म्हणजे दाबाखालचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. काँक्रीट एम २५ असेल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचं, तर २८ दिवसांनी तो साधारण ५६० किलोन्यूटनच्या पुढे जाऊन फुटायला हवा. समजा तो ४३० ला फुटला. ताकद आली २५ ऐवजी १९. आता मुलांना विचारा, त्या २८ दिवसांत साइटवर काय झालं? त्या स्लॅबचं सेंट्रिंग निघालंय, वर आणखी एखादा स्लॅब पडलाय, ठेकेदाराचं आरए बिल (झालेल्या कामाचं चालू बिल) टेबलावर आहे, आणि हाताखालच्या पोरासमोर रजिस्टरचा रकाना मोकळा आहे. मेकॅनिकलच्या मुलांनाही हे सगळं समजेल. इथे वर्ग हसणार नाही.

मग विचारा: १९ लिहिलं तर पुढे काय होईल? बहुतेक जण म्हणतील, "मॅडम, स्लॅब तोडावा लागेल." या गैरसमजातूनच कितीतरी खोटी रीडिंग लिहिली जातात. पोराला वाटतं की एका बाजूला लाखोंचं नुकसान आणि दुसऱ्या बाजूला एक आकडा आहे. मधला रस्ता त्याला कुणी दाखवलेलाच नसतो. तो रस्ता आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहून ठेवलाय. क्यूब नापास झाला म्हणजे स्लॅब नापास झाला असं नाही. नमुना नीट भरला नसेल, पाण्यात ठेवला नसेल, मशीनवर तिरका बसला असेल. शंका असेल तिथून कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले गोल तुकडे, काढायचे, किमान तीन. त्यांची क्यूबच्या मापात आणलेली सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर ते काँक्रीट स्वीकारता येतं. एम २५ साठी म्हणजे सरासरी २१.२५, आणि कुठलाही एक १८.७५ च्या खाली नको. तेही जमलं नाही तर लोड टेस्ट आहे: स्वतःचं वजन आणि वापराच्या भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवून स्लॅब किती वाकतो आणि भार काढल्यावर किती परत येतो ते बघायचं. त्यातही नापास झाला तर मजबुतीकरण करता येतं. तोडणं अगदी शेवटी.

हे सगळं काँक्रीट टेक्नॉलॉजीत 'शिकवून' झालेलं असतं. पण तिथे ते कलम म्हणून येतं, आणि एथिक्सच्या तासाला सचोटी म्हणून व्याख्या येते. दोन्ही एकाच रजिस्टरच्या रकान्यात भेटतात हे मुलांना कुणी सांगत नाही. माझं तुम्हाला मुख्य सांगणं एवढंच आहे की अभियंत्याला नीती शिकवायची तर जिथे तो आकडा लिहितो आणि सही करतो तिथेच ती शिकवावी लागते, आणि खरं लिहिल्यावर उघडणारी पुढची पायरी त्याला माहीत असावी लागते. ती माहीत नसलेल्या पोराला धीर कुठून येणार?

आता नोकरी जाण्याचा भाग. इथे खोटी आशा दाखवू नका. दुसरा कुणीतरी लिहील हे खरं आहे, नोकरी जाऊ शकते हेही खरं आहे. पण "नाही" कसं म्हणायचं हे शिकवता येतं आणि ते आपण शिकवत नाही. वर्गाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवण्याइतकी छोटी. उदाहरणार्थ: "साहेब, दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या २८ दिवसांच्या क्यूबची सरासरी १९ आली आहे. रजिस्टरला तीच नोंदवली आहे. कोअर काढायला लॅबला बोलावू का? तोपर्यंत वरच्या मजल्याचं काम थांबवलं तर बरं." यात आरोप नाही, उपदेश नाही. आकडा आहे, पुढचं पाऊल आहे, आणि तारखेसह लेखी नोंद आहे. तोंडी दबाव आणणारी माणसं लेखी विचारल्यावर बऱ्याचदा मागे सरतात, कारण आता गोष्ट त्यांच्या नावावर येते. साहेबाच्या हिताचा मुद्दाही मुलांना द्या: रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरला तो स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो. आज कोअर काढण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. हे सगळं करूनही साहेब "वाढवून लिही" म्हणाला, तर त्या भावानं सही करू नये आणि दुसरी नोकरी शोधायला लागावं. पहिली नोकरी टिकवताना दुसरी शोधणं यात लाज नाही. हेही वर्गात स्पष्ट बोला.

एवढं झालं की मग मोठ्या घटना घ्या, आणि त्याही गणित करून घ्या. कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले झुलते पादचारी पूल १७ जुलै १९८१ ला कोसळले, ११४ माणसं गेली. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पूल एकाखाली एक होते. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच सळई होती आणि दोन्ही पूल तिला स्वतंत्र नटांवर टेकलेले होते. कारखान्याला एवढ्या लांब सळईवर आटे पाडणं अडचणीचं वाटलं, म्हणून एकाच्या दोन सळया झाल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. मुलांना फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे जोडावरच्या भारांची आकृती, काढायला लावा. वरच्या पुलाच्या नटाखाली आधी पी एवढा भार होता, बदलानंतर तो दोन पी झाला. दुसऱ्या वर्षाचा मुलगा पाच मिनिटांत काढेल. त्या नकाशावर मंजुरीचा शिक्का बसला, पण हे पाच मिनिटांचं गणित कुणी पुन्हा केलं नाही. चौकशीत तर मूळचा जोडही नियमाला अपुरा निघाला. संबंधित अभियंत्यांचे मिझुरी राज्यातले परवाने रद्द झाले. त्यांतले मुख्य अभियंता जॅक गिलम पुढे अभियंत्यांच्या परिषदांमध्ये या घटनेवर स्वतः बोलत राहिले.

इथे मुलं विचारतील, आपल्याकडे परवाना जातो का? खरं उत्तर द्या. डॉक्टर, वकील आणि १९७२ च्या कायद्यानं आर्किटेक्ट यांची वैधानिक नोंदणी होते. अभियंत्यांसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करतात, संस्थांच्या आचारसंहिता आहेत, पण देशभर लागू होईल अशी सनद काढून घेणारी व्यवस्था नाही. मला ही आपल्या व्यवसायातली मोठी उणीव वाटते. पण वर्गापुरता त्याचा अर्थ असा, की आपल्याकडे अडवणारं कुणी नाही म्हणून सही करणाऱ्याच्या हातावरच सगळं येतं.

त्या सहीचं काय होतं ते मुंबईनं बघितलंय. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला. सहा जण त्याच दिवशी गेले, तीसहून जास्त जखमी झाले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सोडल्यास तो वापरायला योग्य ठरला होता. पुढे ऑडिट करणाऱ्यासह महापालिकेच्या अभियंत्यांना अटक झाली. मुलांना याची बातमी सांगून सोडू नका. कॉलेजच्या जवळचा एखादा पादचारी पूल, पाण्याची टाकी, नाहीतर कॉलेजचीच जुनी इमारत घ्या आणि दोन-दोनच्या जोड्यांना तपासायला पाठवा: भेगा कुठे, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कुठे सुटलंय, सळई कुठे दिसते, पाणी कुठे झिरपतं. मग अहवालाच्या शेवटी "माझ्या मते..." असं एक वाक्य लिहून खाली पूर्ण नाव आणि सही. किती जणांचा हात तिथे थांबतो ते बघा. तो का थांबला यावर बोला, अर्धा तास तरी.

मेकॅनिकलच्या मुलांसाठी फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना अभियंतेच आहेत. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे की रस्त्यावर हे ओळखून धूर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर कुणीतरी नोकरीचा भाग म्हणून लिहिलं. आणि वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटानं, ज्यात भारतातून गेलेले तरुणही होते, मोजणीची यंत्रं गाडीच्या मागच्या बाजूला बांधून गाड्या खऱ्या रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. त्यांनी ते तसेच छापले. २०१५ साली प्रकरण जगासमोर आलं आणि २०१७ मध्ये कंपनीच्या एका अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. न जुळणारं रीडिंग 'दुरुस्त' न करता जपून ठेवलं म्हणजे काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. चॅलेंजर अवकाशयानाची घटना प्रत्येक पुस्तकात आहे. ती घ्या, पण पुस्तकात आहे म्हणून मुलं तीही व्याख्येसारखी पाठ करतील.

आणि हे बोलताना आपल्याच प्रॅक्टिकलकडे बघावं लागेल. मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, ग्राफ सरळ रेषेत आणायचा, आपण लाल पेनानं सही करायची, हे बहुतेक कॉलेजांत चालतं. चार वर्षं ही सवय लावल्यावर साइटवर पहिल्या दिवशी वेगळं वागण्याची अपेक्षा आपण कुठल्या हक्कानं करतो? काँक्रीट लॅब घेणाऱ्या सहकाऱ्याशी बोला आणि निदान एका प्रयोगापुरता नियम करून बघा: आकडा जो येईल तो लिहायचा, आणि चुकीचा आला असेल तर तो का आला असावा याला गुण. सुंदर ग्राफला वेगळे गुण नाहीत. सुरुवातीला मुलं गोंधळतील, "सर, उत्तर किती यायला हवं?" विचारतील. त्या एका प्रयोगातून तुमच्या विषयाचं अर्धं काम होईल असं मला मनापासून वाटतं.

सामाजिक जबाबदारीच्या युनिटला बहुतेक ठिकाणी वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर होतं. दोन्ही चांगली कामं आहेत, पण ती कुणीही नागरिक करतो. अभियंत्याची जबाबदारी त्याच्या नकाशात असते. मुलांच्या हातात टेप द्या आणि एसटी स्टँड, तहसील, बँक इथले रॅम्प मोजून आणायला सांगा. नियमाचा उतार एकास बारा. जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. प्रत्यक्षात किती आहे ते लिहा, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या माणसाला तिथे काय होतं ते विचारून त्याच्या शब्दांत लिहून आणा. गटाराचंही तसंच. सुरक्षा साधनांशिवाय मॅनहोलमध्ये माणूस उतरवून सफाई करायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली, तरी माणसं मरताहेत. मॅनहोलचा नकाशा काढणाऱ्यानं तो यंत्रानं साफ होईल असा काढला का, हा प्रश्न अभियंत्याला विचारायचा आहे. केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या त्यावर डोकं लावलं आणि बँडिकूट नावाचा यंत्रमानव उभा केला. मेकॅनिकलच्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय हवाच असतो.

एक गोष्ट विशेष सांगाविशी वाटते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंडेवाडी वाहून गेली. धरणातून पाणी गळतंय हे गावकऱ्यांनी आधी सांगितलं होतं. रोज त्या बांधावरून जाणाऱ्या माणसाला जे दिसतं ते उपकरणाच्या आधी दिसतं, आणि डिग्री नसल्यामुळे ते नोंदीत येत नाही. तुमच्या मुलांना एवढी सवय लागली की कुठल्याही जागेवर गेल्यावर आधी तिथल्या दोन माणसांना विचारायचं आणि त्यांनी सांगितलेलं नाव-तारखेसह वहीत लिहायचं, तर त्यांच्या हातून चांगली कामं होतील.

भ्रष्टाचाराबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा सत्येंद्र दुबेंचं नाव निघेलच. आयआयटी कानपूरचा हा अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामातले गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवतो, नाव गुप्त ठेवा म्हणतो, ते राहत नाही, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून होतो. खटल्यात तो लुटीतून झालेला खून ठरला. पण नाव फुटलं ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. २०१४ मध्ये गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, तोही लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खासगी बिल्डरकडे काम करणाऱ्या पोराला त्याचा आधार नाही. हे सांगा, पण वीस वर्षांच्या मुलांना हौतात्म्याचा धडा देऊ नका. त्याच्याबरोबर विजय पांढरेंचं उदाहरण ठेवा. राज्याच्या जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता असताना २०१२ मध्ये त्यांनी सिंचन प्रकल्पांच्या दर्जाबद्दल आणि वाढवलेल्या खर्चाबद्दल मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्र लिहिलं आणि राज्यभर त्यावर चर्चा झाली. त्यांच्या हाताशी नोकरीचा दीर्घ अनुभव आणि तांत्रिक बाबींची माहिती होती. मुलांना इथून न्यायचं ते असं: आवाज मोठा करण्याआधी कागद जमवा, एकटे राहू नका, पायरीपायरीनं वर जा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही तो संकोचानं लिहिलात, पण सगळ्या पत्रात मला तोच महत्त्वाचा वाटला. तुमच्यासमोरचं अटेनमेंट म्हणजे तुमचा क्यूब आहे, आणि इथेही पुढची पायरी लिहून ठेवलेली आहे. अटेनमेंट लक्ष्यापेक्षा कमी आलं तर काय कृती केली, हे विचारणारा रकाना त्याच फाइलमध्ये असतो. सतत सुधारणा दाखवणं हा मूल्यांकनाचाच भाग आहे. प्रत्येक पीओ (अभ्यासक्रमाचं ठरलेलं फलित) दरवर्षी लक्ष्याच्या वर दाखवणारा विभाग अनुभवी तपासनीसाला जास्त खटकतो. म्हणून खरे गुण घेऊन खरा आकडा काढा. तो कमी आला तर खाली लिहा: पाठांतरावरची परीक्षा बदलून पुढच्या सत्रात स्थळपाहणी, सहीचा अहवाल आणि तोंडी परीक्षा घेणार. विभागप्रमुखांकडे ही शीट गुणांच्या यादीसह ईमेलनं पाठवा आणि सोबत दोन ओळींत सांगा की यातून कृती आराखडा चांगला दाखवता येईल. तक्रारीचा सूर नको. ते चिडतीलच असं धरून चालू नका. बऱ्याच विभागप्रमुखांनाही हा आकडा वरून आलेला असतो आणि त्यांना बाहेर पडायला वाट हवी असते.

तरीही वर कुणी आकडा बदलला तर तो तुमच्या सहीनं जाऊ देऊ नका, आणि तुमची शीट तुमच्याजवळ ठेवा. तुम्ही कायम नाही, घराचे हप्ते असतील, हे मला कळतं. याहून पुढे जाऊन लढा असं मी इथे बसून सांगणार नाही. वर्गात मात्र कॉलेजविरुद्ध काही बोलू नका. ते मुलांवर ओझं टाकणं होईल, आणि गोष्ट फिरून तुमच्याचकडे येईल.

सत्र संपायच्या आत एका साइट इंजिनिअरला वर्गात बोलवा. मोठ्या हुद्द्याचा पाहुणा नको. आठ-दहा वर्षं साइटवर काढलेला, ज्यानं कधीतरी कोअर काढून घेतलेत असा. तुमच्याच विभागाच्या माजी विद्यार्थ्यांत मिळेल. त्याला आधीच सांगून ठेवा की सत्कार आणि करिअर मार्गदर्शन नकोय, फक्त त्या दिवसांत काय झालं ते सांगायचं, साहेब काय म्हणाले तेही. आणि मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठ्यांवर, नाव न घालता, गोळा करून ठेवा. समोरासमोर विचारायला ती लाजतील.